नाईन-बॉल पूल: विशीतले खेळाडू चाळिशीतल्या विजेत्यांना कसे गाठतात

जुलै २०२५मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहला नाईन-बॉल पूलची जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात फिलिपिन्सच्या ४१ वर्षांच्या कार्लो बियाडोनं २५ वर्षांच्या फेडोर गोर्स्टला १५-१३ असं हरवलं. आदल्या वर्षी त्याच शहरात गोर्स्टनं एकलेंट काचीला १५-१४ असं हरवून हेच विजेतेपद घेतलं होतं. त्याआधी २०१९मध्ये दोह्याला तो पहिल्यांदा जगज्जेता झाला, तेव्हा त्याचं वय १९ होतं. मग तरुण पुढे गेले म्हणायचं की नाही?

विजेत्यांची नुसती यादी वाचून उत्तर मिळत नाही. २०१८मध्ये जोशुआ फिलर जिंकला तो २१ वर्षांचा, २०२२मध्ये शेन व्हॅन बोनिंग जिंकला तो ३८चा. मागे गेलं तर १९९९मध्ये एफ्रेन रेयेस ४४व्या वर्षी, २००२मध्ये अर्ल स्ट्रिकलँड ४१व्या वर्षी आणि २०१०मध्ये फ्रान्सिस्को बुस्तामांते ४६व्या वर्षी जगज्जेते झाले. आणि सर्वांत लहान विजेता तर या पिढीचा नाहीच. तैवानच्या वू जिया-चिंगनं २००५मध्ये काओशुंगला हा मान मिळवला तो वयाच्या १६व्या वर्षी.

बदल झालाय तो वेगळ्या ठिकाणी. वूसारखा मुलगा तेव्हा अपवाद होता. आता गोर्स्ट, काची, पोलंडचा विक्तर झेलिन्स्की, जर्मनीचा मॉरिट्झ नॉयहाउझेन असे २०००च्या आसपास जन्मलेले खेळाडू एकामागोमाग एक मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या फेऱ्यांत दिसतात. दिग्गजाला आता एका हुशार मुलाला हरवून भागत नाही. पुढच्या फेरीत तसाच दुसरा उभा असतो. असं का झालं, हे समजायला खेळाची मोजमापं, साहित्य, नियम आणि माणसाचे डोळे, सगळ्यांकडे बघावं लागतं.

आधी खेळ थोडक्यात. टेबलावर १ ते ९ क्रमांकांचे बॉल असतात. क्यूनं, म्हणजे लांब काठीनं, मारलेला पांढरा बॉल दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी लागला पाहिजे, आणि ९ नंबर नियमानुसार पॉट करणारा, म्हणजे टेबलाच्या कडेच्या पॉकेटमध्ये पाडणारा, तो डाव जिंकतो. या डावाला रॅक म्हणतात. सामना ९, ११, १३ किंवा १५ रॅक आधी जिंकणाऱ्याचा.

एका सामन्यावरून काय कळतं?

फारच थोडं. पूलमध्ये फार्गोरेट नावाची रेटिंग पद्धत वापरतात. तिच्यात दोघांमध्ये १०० गुणांचा फरक असेल, तर वरचा खेळाडू खालच्याच्या प्रत्येक एका रॅकमागे दोन रॅक जिंकेल असं धरलेलं असतं. पहिल्या रांगेतल्या खेळाडूंमध्ये एवढी दरी नसते. तिथे २० गुणसुद्धा खूप झाले. या पद्धतीनं हिशेब केला, तर २० गुणांनी सरस असलेला खेळाडू एक रॅक जिंकण्याची शक्यता ५३.५ टक्के येते. सामना ९ रॅकपर्यंतचा असेल तर तो जिंकण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के, १३पर्यंतचा असेल तर ६४ टक्क्यांच्या आसपास. सामना १०० रॅकपर्यंत खेळवला तर ती ८४च्या घरात जाते. म्हणजे ९पर्यंतच्या सामन्यात कमी ताकदीचा खेळाडू दहातून चार वेळा सहज जिंकतो, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नसतं.

आता स्पर्धेकडे बघा. शेवटच्या ६४ जणांत एकदा हरलं की घरी असा नियम असेल, तर विजेत्याला सलग ६ सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के असलेला खेळाडू, म्हणजे खरोखर जबरदस्त खेळाडू, ही साखळी पुरी करेल याची शक्यता १८ टक्केच उरते. म्हणून एक विजेतेपद पिढीबद्दल काही सिद्ध करत नाही. चार-पाच हंगाम शेवटच्या १६ किंवा ८ खेळाडूंत कोण कोण पोचतंय, हे मोजणं जास्त विश्वासाचं. बियाडोचं २०२५चं यश मोठंच आहे. २०१७मध्ये तो जिंकला होता, त्यानंतर आठ वर्षांनी पुन्हा जिंकला, आणि तेही ज्याच्याकडे सगळे आजचा सर्वोत्तम म्हणून बघतात त्याला हरवून. पण त्यावरून वयाचा परिणाम होत नाही, असं म्हणता येत नाही.

पॉकेट किती मोठं आणि चूक किती छोटी

सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिमी. कोपऱ्यातलं पॉकेट साडेचार इंचांचं असेल तर त्याच्या तोंडात बरोब्बर दोन बॉल शेजारी शेजारी मावतात. एक बॉल आत जाताना सव्वादोन इंच मोकळे उरतात. अलीकडे मॅचरूम या आयोजक कंपनीच्या मोठ्या स्पर्धांत ४ इंचांची पॉकेट वापरतात. तिथे मोकळी जागा पावणेदोन इंच. अर्धा इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण चुकीला मिळणारी जागा त्यानं २२ टक्क्यांनी कमी होते.

हे कोनात मोजूया. समजा, बॉल पॉकेटपासून ४ फुटांवर आहे, पांढरा त्याच्या मागे ३ फुटांवर, आणि शॉट अगदी सरळ आहे. ४ इंचांच्या पॉकेटमध्ये बॉल जायचा असेल तर त्याची दिशा डावी-उजवीकडे जेमतेम १ अंश चुकू शकते. पण आपण मारतो पांढऱ्याला, आणि पांढऱ्याच्या दिशेतली चूक दुसऱ्या बॉलवर मोठी होऊन जाते. ३ फुटांवरून ती सुमारे १५ पट होते. म्हणजे क्यूच्या रेषेत ०.०७ अंशाइतकीच चूक चालते. क्यूच्या पुढच्या ३० सेंमी लांबीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरतो. पांढऱ्यावर साईड स्पिन, म्हणजे बाजूनं गिरकी, द्यायचा असेल, किंवा तो कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला असेल, तर हिशेब आणखी अवघड.

आता रॅक साफ करायचा म्हणजे असे ९ शॉट ओळीनं. सगळे अवघड नसतात, सरासरी धरू. प्रत्येक शॉट ९८ टक्के खात्रीचा असेल तर नऊच्या नऊ जाण्याची शक्यता ८३ टक्के. खात्री ९७ टक्के झाली तर ७६. ९६ टक्के झाली तर ६९. शॉटमागे एका टक्क्याची घसरण रॅकमागे सात टक्के घेऊन जाते. चाळिशी ओलांडलेल्या विजेत्याचा खेळ डोळ्यांना तोच दिसतो. तोच स्ट्रोक, तीच शांतता, तीच समज. शंभर लांब शॉटमध्ये दोन जास्त चुकतात, एवढंच. समोरचा तरुण त्या दोन चुकांवर टेबल साफ करतो आणि पुढचे तीन रॅक टेबल सोडतच नाही. पॉकेट जेवढं लहान, तेवढी ही दरी रुंद. दिग्गज विसरले काहीच नाहीत. खेळात आता ज्या गोष्टीला सर्वांत जास्त मोल आहे, नेमकी तीच वय आधी खातं, असं आमचं ठाम मत आहे.

डोळे

चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि जवळून दूर, दुरून जवळ असं पटकन फोकस बदलणं जमत नाही. पूलमध्ये नेमकं तेच करावं लागतं. वाकून पवित्र्यात आल्यावर नजर क्यूच्या टोकाकडून पांढऱ्याकडे, तिथून दोन-अडीच मीटरवरच्या बॉलकडे आणि पुन्हा मागे अशी फिरते. तरुण डोळा हे नकळत करतो. वय झालेल्या डोळ्याला दोनपैकी एक गोष्ट पुसट दिसते, आणि बॉलची कड पुसट दिसली की निशाणा अंदाजावर जातो.

चष्म्यानं वेगळीच अडचण होते. हनुवटी क्यूला टेकवून पुढे बघताना नजर भिंगाच्या अगदी वरच्या कडेतून किंवा चक्क फ्रेमच्या वरून जाते. प्रोग्रेसिव्ह भिंगात तर मान जरा हलली की नंबरच बदलतो. स्नूकरमध्ये डेनिस टेलर १९८५ची जागतिक स्पर्धा स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकला, तेव्हा त्यानं उंच भिंगांचा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा घातला होता. त्या आकारामागचं कारण हेच.

पाठ आणि मानेबद्दल फार सांगायला नको. एका दिवसात दोन-तीन सामने, प्रत्येकात शेकडो वेळा वाकणं. संध्याकाळच्या सामन्यात पवित्रा किंचित उभा होतो आणि त्याबरोबर निशाण्याची रेषाही बदलते.

साहित्य बदललं, आणि हाताची सवय मागे राहिली

पांढऱ्याला मधोमध न मारता डावीकडे मारलं, तर तो क्यूच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे सरकतो. किती सरकेल, हे मुख्यतः क्यूच्या टोकाकडच्या भागाच्या वजनावर ठरतं. जुन्या मेपल लाकडाच्या १३ मिमी शाफ्टमध्ये, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागात, हे वजन जास्त, म्हणून सरकणंही जास्त. आधी आतून हलके केलेले लाकडी शाफ्ट आले. मग २०१६मध्ये प्रेडेटर कंपनीनं रेव्हो हा कार्बन फायबरचा शाफ्ट आणला आणि इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. १२.४ किंवा ११.८ मिमीचा हा शाफ्ट पांढऱ्याला कमी ढकलतो, वाकडा होत नाही, हवेतल्या दमटपणानं फुगत नाही.

आता ज्यानं वीस-पंचवीस वर्षं लाकडी शाफ्टवर खेळून ‘एवढा स्पिन, तर एवढं बाजूला धरायचं’ हे हातात मुरवलंय, त्याच्या हातात कार्बन शाफ्ट द्या. तो सवयीनं जास्त भरपाई करतो आणि बॉल पॉकेटच्या ओठावर आपटतो. मुद्दाम विचार करून सुधारतो तेव्हा जमतं. दबाव आला की जुनी सवय वर येते. चौदाव्या वर्षी कार्बन शाफ्ट हातात आलेल्या मुलाला काही विसरावंच लागत नाही. तरीही अनेक ज्येष्ठांनी हा बदल पचवला आहे. त्यासाठी लागतात ते महिने मात्र ऐन हंगामात मिळत नाहीत.

जंप क्यूचा घाव याहून खोल आहे. पूर्वीच्या दिग्गजांचं खरं हत्यार होतं सेफ्टी, म्हणजे पांढरा बॉल दुसऱ्या बॉलमागे लपवून ठेवणं. समोरच्याला कुशनवरून फिरवून मारावं लागायचं, चुकला तर बॉल हातात, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवून मारायची मुभा आपल्याला. आज बहुतेक प्रत्येक व्यावसायिकाकडे छोटा, हलका, कडक टोकाचा जंप क्यू असतो. नियमानं त्याची लांबी किमान ४० इंच लागते. आड येणारा बॉल थोडा दूर असला तर तरुण खेळाडू त्यावरून उडी मारतो आणि पॉटही करतो. सेफ्टी परिणामकारक व्हायची तर पांढरा आता दुसऱ्या बॉलला जवळजवळ चिकटून थांबला पाहिजे. पूर्वी वीतभर अंतर चालायचं.

ब्रेकचेही, म्हणजे रॅक सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याचेही, नियम बदलले. सुरुवातीच्या बॉलच्या मांडणीलाही रॅकच म्हणतात. १ नंबरचा बॉल स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवून रॅक लावला आणि बॉल घट्ट बसले, तर रॅकच्या बाजूचा बॉल जवळजवळ हमखास कोपऱ्यात जातो. ते रोखण्यासाठी आता अनेक स्पर्धांत ९ नंबर स्पॉटवर ठेवतात. त्यामुळे सगळा रॅक थोडा पुढे सरकतो आणि कोपऱ्याची ती सोय संपते. मग १ नंबर मधल्या पॉकेटमध्ये पाडणं आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबवणं हे उद्दिष्ट होतं. पांढरा कुठून मारायचा त्याची चौकट आखलेली असते, आणि किती बॉल ठरावीक रेषेपलीकडे यायला हवेत याचीही अट असते. ताकदीपेक्षा तोच वेग, तोच बिंदू पुन्हा पुन्हा साधणं मोलाचं झालं. ही तासन्‌तास सरावानं येणारी गोष्ट आहे, आणि तेवढा वेळ कुणाकडे असतो, हे उघड आहे.

शिकायला लागणारा वेळ

एफ्रेन रेयेस मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. १९८५मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा खेळायला गेला, तो सीझर मोरालेस हे खोटं नाव लावून, कारण त्याची कीर्ती आधीच पोचली होती आणि खरं नाव कळलं असतं तर पैशांवर कुणी खेळलं नसतं. त्या काळात ज्ञान असं लपवून ठेवायची चीज होती. एखादा किक शॉट, म्हणजे पांढरा आधी कुशनवर आपटवून बॉल गाठायचा शॉट, शिकायचा तर तो खेळणाऱ्यासमोर हरावं लागायचं. पैशांनिशी.

आजचा पंधरा वर्षांचा मुलगा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा अख्खा सामना वरच्या कॅमेऱ्यातून बघतो, थांबवतो, मागे नेतो, पांढऱ्याचा मार्ग वहीत काढतो. युरोपात क्लब, राष्ट्रीय लीग, कनिष्ठ गटाच्या स्पर्धा आणि प्रशिक्षक अशी पायरी-पायरीची व्यवस्था आहे. फिलर आणि गोर्स्ट अशाच वातावरणात घडले. गोर्स्ट जन्मानं रशियन, आता अमेरिकेकडून खेळतो.

सरावाची एक पद्धत सगळीकडे चालते, तिला ‘घोस्ट’ म्हणतात. एकट्यानं ब्रेक करायचा, मग पांढरा हवा तिथे ठेवून १ पासून ९ पर्यंत साफ करायचं. एकही चुकला की रॅक घोस्टचा. आधी ७ रॅक कोण जिंकतं, ते लिहून ठेवायचं. नवख्यानं ३ बॉलपासून सुरू करावं आणि सतत जिंकायला लागल्यावर एकेक बॉल वाढवावा. आकडे लिहिले नाहीत तर या सरावाचा अर्धा फायदा जातो, कारण आपण कुठल्या बॉलवर चुकतो हे आठवणीतून खरं सांगता येत नाही. बहुतेकांची चूक शॉटमध्ये नसते. एक शॉट आधी पांढरा भलत्या बाजूला थांबलेला असतो.

मग दिग्गज जिंकतात कसे?

तरुणाला लयच मिळू न देता. विजेत्यानं पुढचा ब्रेक करायचा असेल तर लय मिळालेला खेळाडू सामना पळवून नेतो. आळीपाळीनं ब्रेक असेल तर ज्येष्ठाला श्वास मिळतो. तो टेबलावर पांढऱ्याचा प्रवास कमी ठेवतो, तीन कुशनऐवजी एकात भागवतो, स्पिनशिवाय जमणारा मार्ग निवडतो. दोन बॉल एकमेकांना चिकटलेले असतील तर ते फोडायला जात नाही, आधीच सेफ्टी खेळून समोरच्याला फोडायला लावतो. आणि स्वतः लपवला गेला तर कुशनवरून अचूक फिरतो. रेयेसनं १९९५मध्ये अमेरिकेतल्या रीनोच्या अंतिम सामन्यात स्ट्रिकलँडविरुद्ध शेवटच्या रॅकमध्ये दोन कुशनवरून मारलेला शॉट आजही दाखवला जातो. कुशनचे कोन वाचण्याची ही समज वयानं घटत नाही. फक्त शॉटला ३० सेकंदांचं घड्याळ असेल तर तिला वेळ कमी मिळतो.

इतर टेबलांवर चित्र वेगळं दिसतं, आणि तुलना उपयोगी आहे. स्नूकरमध्ये रॉनी ओ’सलिव्हन २०२२मध्ये ४६व्या वर्षी जगज्जेता झाला. मार्क विल्यम्स ५० वर्षांचा असताना २०२५च्या अंतिम सामन्यात पोचला आणि २८ वर्षांच्या झाओ शिनटोंगकडून १८-१२ असा हरला. तिथे अंतिम सामना १८ फ्रेमपर्यंतचा असतो आणि पहिले १६ मानांकित थेट मुख्य फेरीत येतात. लांब सामना दर्जाला न्याय देतो, मग तो दर्जा कुठल्याही वयाचा असो. बिलियर्ड्समध्ये तर मोठा भाग जवळजवळच्या हलक्या स्पर्शाचा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तिसरं जागतिक विजेतेपद १९८३मध्ये मिळवलं, तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. नाईन-बॉलमध्ये छोटा सामना, अरुंद पॉकेट आणि लांब शॉट एकत्र येतात, म्हणून वयाचा हिशेब इथे जास्त कडक.

चाळिशीपुढच्या खेळणाऱ्यांसाठी

क्लबात खेळणाऱ्यांनाही हीच कारणं लागू पडतात, आणि काही उपाय लगेच करता येतात. ब्रिजची लांबी, म्हणजे पुढचा हात आणि पांढरा बॉल यांतलं अंतर, थोडी कमी करा. स्ट्रोक आखूड होतो, चूकही कमी होते. साईड स्पिन जिथे टाळता येईल तिथे टाळा, वर-खाली मारून काम भागवा. शाफ्ट बदलायचा असेल तर स्पर्धा नसलेल्या काळात बदला, आणि मग जुना पिशवीतही ठेवू नका. दोन शाफ्ट आलटून पालटून वापरले की हाताला एकही भरपाई मुरत नाही.

चष्म्यासाठी दुकानात जाताना क्यू बरोबर न्या. दुकानातल्या टेबलावर वाकून तुमचा खरा पवित्रा दाखवा आणि नजर भिंगातून कुठून जाते तिथे खूण करून घ्या. भिंग एकाच नंबरचं, उंच, भुवयांच्या वरपर्यंत जाणारं हवं, आणि वाकल्यावर ते नजरेला काटकोनात राहील असा फ्रेमचा कल हवा. नंबर ठरवताना १ ते २.५ मीटरवरची वस्तू स्वच्छ दिसली पाहिजे असं सांगा. क्यूचं टोक जरा पुसट दिसलं तरी चालतं, शेवटच्या क्षणी नजर तिथे नसते.